बत्ती साहेब : जहाजावरील विद्युत अधिकाऱ्याचा पेशा आणि नंदुरबारची वाट

इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर, म्हणजेच ईटीओ, हा व्यापारी जहाजावरील वीजनिर्मिती, वीजवितरण, स्वयंचलित नियंत्रण आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे सांभाळणारा अधिकारी. तो इंजिन विभागात असतो आणि चीफ इंजिनिअरच्या हाताखाली काम करतो. भारतीय खलाशी त्याला ‘बत्ती साहेब’ म्हणतात. नाव जुने आहे, काम मात्र बत्तीपुरते उरलेले नाही. आजच्या जहाजावर मुख्य इंजिनात इंधन केव्हा आणि किती सोडायचे हे बऱ्याचदा संगणक ठरवतो, आणि सुकाणूपासून शौचालयाच्या व्हॅक्यूम पंपापर्यंत सारे विजेवर चालते. भर समुद्रात वीज गेली तर महावितरणला फोन लावता येत नाही. तिथे वीजकेंद्र, उपकेंद्र, लाइनमन आणि तक्रार निवारण कक्ष हे सगळे एकाच माणसाच्या अंगावर असते.

जहाजावर वीज आली ती उजेडासाठी. एडिसनचे दिवे बसवलेले ‘कोलंबिया’ हे जहाज १८८० मध्ये पाण्यात उतरले, तेव्हा जहाजे वाफेवर चालत आणि वीज ही चैन होती. पुढे दीर्घकाळ डीसी पुरवठाच चालला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थ्री-फेज एसी सर्वत्र स्थिरावला. विद्युत अधिकारी या सगळ्या काळात जहाजांवर होता, पण त्याच्या पात्रतेबद्दल आंतरराष्ट्रीय नियम नव्हता. डेक आणि इंजिनच्या अधिकाऱ्यांना परीक्षा देऊन सक्षमता प्रमाणपत्र मिळवावे लागे, बत्ती साहेबाचे काम कंपनीच्या विश्वासावर भागे. दुसरीकडे ब्रिजजवळच्या खोलीत रेडिओ ऑफिसर बसे. १ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस ही उपग्रह व डिजिटल संदेशांवर चालणारी आपत्कालीन दळणवळण यंत्रणा पूर्णपणे लागू झाली, मोर्सची गरज संपली आणि रेडिओ ऑफिसर जहाजावरून उतरला. उपकरणे मात्र जहाजावरच राहिली, आणि त्यांची देखभाल हळूहळू विद्युत अधिकाऱ्याच्या गळ्यात पडली.

जून २०१० मध्ये मनिला येथे एसटीसीडब्ल्यू या करारात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. खलाशांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे आणि पहारा यांचे किमान निकष ठरवणारा हा करार १९७८ चा. दुरुस्त्या १ जानेवारी २०१२ पासून लागू झाल्या. त्यांतल्या तिसऱ्या प्रकरणाच्या सहाव्या नियमाने ईटीओला आणि सातव्या नियमाने त्याच्या हाताखालच्या इलेक्ट्रो-टेक्निकल रेटिंगला पहिल्यांदाच स्वतःचे स्थान मिळाले.

इथे एक गोष्ट बहुतेक माहितीपुस्तिका गाळतात. प्रत्येक जहाजावर ईटीओ असलाच पाहिजे, असे हा करार म्हणत नाही. जहाजावर कोणते आणि किती अधिकारी हवेत हे ते जहाज ज्या देशाचा ध्वज लावते तो देश ठरवतो, आणि किमान मनुष्यबळाच्या अनेक दाखल्यांत ईटीओचा उल्लेखच नसतो. साधी बल्क कॅरिअर जहाजे त्याच्याविनाही चालतात. तिथे विजेची कामे इंजिनिअरच आपसांत वाटून घेतात. ईटीओला मागणी निर्माण होते ती जहाजाच्या गुंतागुंतीमुळे. म्हणून त्याची जागा मुख्यतः कंटेनर, टँकर, गॅसवाहू, क्रूझ आणि ऑफशोअर जहाजांवर असते. या पेशातल्या संधी आणि अडचणी दोन्ही याच एका गोष्टीतून निघतात.

डिप्लोमा करून आलेल्या मुलाला जहाजावरची वीज ओळखीची वाटते, आणि नेमका तिथेच तो फसतो. आपल्याकडे ४१५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, बहुतेक जहाजांवर ४४० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. हा फरक किरकोळ. खरा फरक न्यूट्रलचा आहे. जमिनीवर न्यूट्रल अर्थ केलेला असतो, त्यामुळे एखादी फेज लोखंडाला टेकली की जोराचा प्रवाह वाहतो, फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो. जहाजावर ४४० व्होल्टच्या जाळ्याचा न्यूट्रल मुद्दाम अधांतरी ठेवतात. एखादी फेज जहाजाच्या अंगाला टेकली तरी प्रवाहाला परतीची वाट नसते आणि यंत्र चालूच राहते. कारण सरळ आहे : अरुंद खाडीतून जाताना सुकाणूची मोटर ट्रिप होणे हे एका अर्थ फॉल्टपेक्षा कितीतरी महाग पडते. पण ही सवलत एकदाच मिळते. पहिला दोष तसाच राहिला आणि दुसऱ्या फेजवर, जहाजाच्या कुठल्याही टोकाला, दुसरा दोष आला, तर दोन फेजांमध्ये थेट शॉर्ट सर्किट होते. म्हणून इन्सुलेशन मॉनिटरचा अलार्म वाजला की ईटीओ दोष शोधायला निघतो. एकेक सर्किट क्षणभर बंद करायचे, काटा वर येतो का पाहायचे, मग त्या सर्किटचे फाटे तपासायचे. गुन्हेगार बहुधा समुद्राचे पाणी शिरलेला डेकवरचा दिवा किंवा गॅलीतला, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातला हीटर निघतो. काम कंटाळवाणे आहे, पण चांगला ईटीओ कोण ते यातच कळते.

मोठ्या कंटेनर जहाजांवर आणि विद्युत प्रणोदन असलेल्या क्रूझ जहाजांवर ६,६०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब असतो. जहाजाच्या भाषेत १,००० व्होल्टच्या वर ते हाय व्होल्टेज. दाब वाढवला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह कमी लागतो, केबल बारीक चालते, शॉर्ट सर्किटचा प्रवाहही आवाक्यात राहतो. या जाळ्यात न्यूट्रल रोधकातून अर्थ केलेला असतो आणि चुकीला माफी नसते. ब्रेकर काढायचा, कुलूप लावायचे, वीज नाही हे मोजून खात्री करायची, अर्थ जोडायचा आणि मगच परवानापत्रावर सही करून हात लावायचा. या क्रमातली एकही पायरी गाळता येत नाही. हाय व्होल्टेजचे वेगळे प्रशिक्षण घेतलेल्या ईटीओला जास्त पगार मिळतो, तो या जोखमीचाच.

जहाजाचे वीजजाळे इतर कुठल्याही ग्रीडला जोडलेले नसते, आणि हे समजणे नंदुरबारच्या मुलाला तसे अवघड नाही. धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे जानेवारी २००३ मध्ये केरळचे अभियंते, नर्मदा बचाव आंदोलन आणि गावकरी यांनी मिळून धबधब्याच्या पाण्यावर १५ किलोवॅटचे छोटे जलविद्युत केंद्र उभारले होते. ग्रीड नव्हते, त्यामुळे गावात दिवे किती लागले आणि टर्बाइन किती वीज देते हे तिथल्या तिथे जुळवावे लागे. २००६ मध्ये सरदार सरोवराच्या फुगलेल्या पाण्याने ते केंद्र गिळले. जहाजावर हाच प्रश्न काही हजार किलोवॅटचा असतो. तीन-चार जनरेटर, त्यांतले गरजेपुरते चालू. नवा जनरेटर जाळ्यात घ्यायचा तर दाब, वारंवारता आणि फेज तिन्ही जुळले पाहिजेत. सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरत बाराच्या जरा अलीकडे आला की ब्रेकर मिटायचा. आता हे पॉवर मॅनेजमेंट यंत्रणा आपोआप करते. ती बिघडली की हाताने करावे लागते, आणि तोंडी परीक्षेत परीक्षक नेमके हेच विचारतो. भार झेपेनासा झाला तर वातानुकूलन, गॅलीसारखे कमी महत्त्वाचे भार आधी आपोआप सुटतात, त्याला प्रेफरेन्शियल ट्रिप म्हणतात. तरीही सगळे अंधारले तर सोलास या सागरी सुरक्षा करारानुसार आपत्कालीन जनरेटरने ४५ सेकंदांच्या आत पुरवठा द्यायला हवा.

हे नियम का कडक आहेत, हे २६ मार्च २०२४ च्या पहाटे जगाने पाहिले. ‘डाली’ हे सुमारे ३०० मीटर लांबीचे कंटेनर जहाज अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून बाहेर पडत असताना त्याची वीज दोनदा गेली, सुकाणू हातचे सुटले आणि जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. पूल कोसळला, पुलावर रस्तादुरुस्ती करणारे सहा मजूर मेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षानुसार पहिल्या ब्लॅकआउटचे मूळ एका सैल तारेत होते. तारेवर क्रमांकाची पट्टी चुकीच्या जागी बसवली होती, त्यामुळे ती टर्मिनल ब्लॉकमध्ये पूर्ण आत गेलीच नव्हती. दुसऱ्या वेळी वीज गेली ती जनरेटरला इंधन पुरवण्यासाठी मूळ रचनेबाहेरचा पंप वापरल्यामुळे. हा पंप वीज परत आल्यावर आपोआप सुरू होत नव्हता. म्हणजे एक चूक तारेची आणि एक सवयीची. टर्मिनल ओढून पाहण्याचे काम कामाच्या यादीत क्षुल्लक दिसते. तसेच दुसरे उदाहरण २३ सप्टेंबर २०१० चे : बार्सिलोनाजवळ ‘क्वीन मेरी २’ या प्रवासी जहाजाच्या हार्मोनिक फिल्टरमधील जीर्ण कपॅसिटरचा स्फोट झाला आणि जहाज काही काळ पूर्णपणे निर्विद्युत होऊन तरंगत राहिले. कुणाला इजा झाली नाही, हे सुदैव.

ईटीओला सहसा पहारा नसतो. तो दिवसपाळीचा माणूस, पण अलार्म रात्री दोनला वाजला की उठायचे तोच. सकाळी कंट्रोल रूममधील अलार्मची यादी पाहायची, चीफ इंजिनिअर व सेकंड इंजिनिअरबरोबर कामे ठरवायची, मग मोटरींचे इन्सुलेशन मेगर या मापकाने तपासणे, बेअरिंगचा आवाज ऐकणे, अग्निशोधक सेन्सर एकेक करून उडवून पाहणे, बॅटऱ्या, लिफ्ट, क्रेन. पीटी-१०० तापमान सेन्सर आणि ४ ते २० मिलिअँपिअरचे सिग्नल हे त्याचे रोजचे खाद्य. रीफर कंटेनर असलेल्या जहाजावर शेकडो गारठलेल्या पेट्यांची फेरी त्याच्याच वाट्याला येते. आत कधी मासळी, कधी औषधे. एका पेटीचा कॉम्प्रेसर बंद पडला तर लाखोंचा माल जातो. टँकरवर वेगळे शहाणपण लागते : ज्वालाग्राही वायूच्या पट्ट्यात साधा टॉर्च किंवा मोबाइलसुद्धा चालत नाही, आणि ज्वालारोधक दिव्याचे झाकण एका बोल्टने सैल राहिले तर त्या दिव्याचे प्रमाणपत्र कवडीमोल. गेल्या काही वर्षांत ओझे वाढतच गेले आहे. गिट्टीपाणी शुद्धीकरण यंत्रणा, इंधनातील गंधकावर २०२० मध्ये आलेल्या मर्यादेनंतर बसवलेले, धुरातले गंधक धुऊन काढणारे स्क्रबर, ब्रिजवरचे इलेक्ट्रॉनिक नकाशे, आणि २०२१ पासून कंपन्यांच्या सुरक्षा व्यवस्थापनात आलेली सायबर सुरक्षा. यंत्रणा बसवणारा तंत्रज्ञ बंदरावर उतरून जातो. उरतो तो ईटीओ आणि इंग्रजीतले जाड मॅन्युअल.

आता वाटेबद्दल. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. सहा तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या आसपास लोकसंख्या, तीत सुमारे ६९ टक्के आदिवासी, आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात तळाची. समुद्र नाही. उत्तर सीमेवर सरदार सरोवराचे पाणी आहे आणि त्यावर बोटीतून फिरणारा दवाखानाही आहे, पण खाऱ्या पाण्याला जवळची वाट सुरतेकडून. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत; तिथून पुढे ताप्तीकाठचा रेल्वेमार्ग सुरतेला जातो. समुद्र लांब असणे ही मोठी अडचण मानू नये, कारण भारतीय अधिकाऱ्यांत पंजाब, बिहार, उत्तर प्रदेशसारख्या समुद्र नसलेल्या राज्यांतले लोक भरपूर आहेत. अडचण निराळी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ‘बोटीवर’ असलेला कुणीतरी नात्यात किंवा वाडीत सापडतोच. कुठली कंपनी पगार वेळेवर देते, कुठला एजंट लबाड, हे तिथे पडवीत बसून कळते. तळोदा किंवा अक्कलकुव्यात हे विचारायला माणूस नाही. ती पोकळी जाहिरात आणि एजंट भरून काढतात.

प्रवेशासाठी विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स, दूरसंचार, इन्स्ट्रुमेंटेशन अशा शाखेतील तीन वर्षांचा डिप्लोमा किंवा चार वर्षांची पदवी लागते, सर्वसाधारणपणे शेवटच्या वर्षात ६० टक्के गुणांसह, आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत किमान ५० टक्के. नंदुरबारचे शासकीय तंत्रनिकेतन, शहाद्याचे डी. एन. पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय, शेजारच्या जिल्ह्यात धुळ्याचे शासकीय तंत्रनिकेतन आणि शिरपूरची आर. सी. पटेल संस्था यांपैकी कुठूनही ही सुरुवात होऊ शकते. योग्य शाखा आणि गुण महत्त्वाचे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन थेट ईटीओ होत नाही. मात्र दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला राज्यात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि ही वाट या जिल्ह्यातल्या मुलांनी जरूर पाहावी. आयटीआयच्या बळावरच जहाजावर जायचे असेल तर रेटिंगचा, म्हणजे अधिकारी नसलेल्या कामगाराचा दर्जा स्वीकारावा लागतो. तिसरी वाट नौदलाची. जामनगरच्या आयएनएस वलसुरा येथे नौदलाचे विद्युत प्रशिक्षण होते, आणि निवृत्तीनंतर व्यापारी जहाजांवर बत्ती साहेब झालेले नौसैनिक पुष्कळ आहेत.

इंग्रजीची अट कागदावर छोटी दिसते. भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी घरात बोलणाऱ्या मुलाला मराठी ही शाळेत मिळालेली भाषा, इंग्रजी तिसरी किंवा चौथी. जहाजावर सहकारी फिलिपिनो, युक्रेनियन, चिनी असतात. दोषाचा अहवाल, परवानापत्र, सुट्या भागांची मागणी सगळे इंग्रजीत लिहायचे. फर्डे बोलता आले नाही तरी चालते, पण ‘काय बिघडले, काय तपासले, काय सापडले’ हे तीन वाक्यांत स्पष्ट लिहिता यायला हवे. डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलच्या वह्या नक्कल न करता स्वतः लिहिल्या, तरी याची निम्मी तयारी होते.

वैद्यकीय तपासणी केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडेच होते. रंगांधळेपणा असेल तर ईटीओ होता येत नाही, हे तारांचे रंग पाहता साहजिकच आहे. नंदुरबारसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. सातपुड्यातील आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. फक्त वाहक असलेली माणसे सहसा ठणठणीत असतात. आजार असलेल्याला मात्र रक्तक्षय आणि वेदनेचे झटके यांमुळे दवाखान्यापासून आठवडेच्या आठवडे दूर राहणे धोक्याचे, आणि खलाशांच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय निकषांत रक्तविकार तपासले जातात. सिकलसेलची चाचणी सरकारी दवाखान्यात होते. ती फी भरण्याआधी करावी. कोर्स झाल्यावर अपात्र ठरण्यात वर्ष आणि पैसा दोन्ही जातात.

ईटीओचा समुद्रपूर्व कोर्स सुमारे चार महिन्यांचा, निवासी. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात, नवी मुंबई, कर्जत, लोणावळा भागात सागरी प्रशिक्षण संस्था एकवटल्या आहेत आणि फी काही लाखांत जाते. त्याबरोबर इंडॉस हा खलाशाचा नोंदणी क्रमांक, सीडीसी हे खलाशी ओळखपुस्तक, पासपोर्ट, पिवळ्या तापाची लस, आग, जीवरक्षण, प्रथमोपचार आणि सुरक्षा यांचे मूलभूत कोर्स. या कागदांत अवघड काही नाही, फक्त क्रम चुकवू नये.

अवघड आहे ते पहिले जहाज. कोर्स पूर्ण केलेले तरुण जहाजाविना बसून राहतात, हे या पेशाचे उघड गुपित आहे. कारण वर आलेच : ईटीओचीच जागा जिथे सक्तीची नाही, तिथे शिकाऊ ईटीओला जहाजावर जागा देण्यात कंपनीचा तत्काळ फायदा नसतो. पुढच्या दहा वर्षांसाठी स्वतःचे अधिकारी घडवू पाहणाऱ्या कंपन्याच हा खर्च करतात. त्या प्रवेशाआधीच लेखी परीक्षा, मुलाखत आणि मानसिक चाचणी घेऊन उमेदवार निवडतात व त्याला प्रायोजकत्वाचे पत्र देतात. मग फी कोण भरते हा दुय्यम प्रश्न. कोर्सनंतर जहाज मिळण्याची शाश्वती त्या पत्रात असते. ‘आधी कोर्स, मग प्लेसमेंट’ म्हणणाऱ्याची हमी बहुधा तोंडी असते. म्हणून डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच प्रायोजक कंपन्यांच्या परीक्षांची तयारी सुरू केली पाहिजे. या परीक्षांत ट्रान्सफॉर्मर, इंडक्शन मोटर, स्टार्टर, पीएलसी म्हणजे यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक, साधी इलेक्ट्रॉनिक्स यांवरचे प्रश्न असतात, समुद्रावरचे क्वचितच. नंदुरबार आणि तळोदा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी स्पर्धा परीक्षांबरोबर या परीक्षांचीही तयारी करून घेतली, तर खर्च फारसा वाढणार नाही आणि उपयोग मोठा होईल.

जहाज मिळाल्यावर शिकाऊ ईटीओ प्रशिक्षण नोंदवही भरत काम शिकतो. एसटीसीडब्ल्यू करारानुसार सक्षमता प्रमाणपत्रासाठी कार्यशाळेतील प्रशिक्षण आणि समुद्रसेवा मिळून किमान १२ महिने लागतात, त्यांतले किमान सहा समुद्रावर. भारतात ही परीक्षा नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीतील सागरी व्यापार विभाग घेतो, लेखी आणि तोंडी दोन्ही. खान्देशच्या परीक्षार्थीला मुंबई गाठावी लागते. नंदुरबारहून खान्देश एक्स्प्रेस थेट जाते. प्रमाणपत्राचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते.

इथून पुढे शिडी आखूड आहे, हे आधीच माहीत असलेले बरे. चौथा इंजिनिअर परीक्षा देत देत चीफ इंजिनिअर होतो. ईटीओच्या वर ईटीओ नसतो. वेगळ्या पात्रतेने इंजिनिअरच्या रांगेत गेल्याखेरीज त्याला चीफ होता येत नाही. अपवाद मोठ्या क्रूझ जहाजांचा, तिथे विद्युत विभागाची स्वतःची उतरंड असते. पदोन्नती म्हणजे इथे जहाजाचा प्रकार बदलणे : साध्या कंटेनरवरून हाय व्होल्टेजकडे, तेथून गॅसवाहू जहाजाकडे, किंवा ऑफशोअरमधील, संगणकाच्या आधारे एकाच जागी स्थिर राहणाऱ्या डायनॅमिक पोझिशनिंग जहाजाकडे. प्रत्येक बदलाबरोबर एखादा कोर्स, एखादे प्रमाणपत्र, जास्त पगार. जीएमडीएसएस उपकरणांच्या देखभालीचे प्रमाणपत्र असलेला ईटीओ कंपनीला बाहेरचा तंत्रज्ञ बोलावण्याचा खर्च वाचवून देतो, म्हणून त्याची किंमत वेगळी. उंची मर्यादित असलेल्या या पेशात रुंदी वाढवणारा माणूस टिकतो.

पगार बहुतेक परदेशी ध्वजाच्या जहाजांवर डॉलरमध्ये. प्रशिक्षणार्थ्याला महिन्याला काही शे डॉलर, प्रमाणपत्र असलेल्या अनुभवी ईटीओला काही हजार. अधिकाऱ्याचा करार साधारण चार ते सहा महिन्यांचा, प्रशिक्षणार्थ्याचा त्याहून लांब, आणि बहुतेक खासगी कंपन्यांत घरी असतानाचा पगार नाही. वार्षिक उत्पन्न काढताना महिन्याचा आकडा बाराने गुणणे ही घरच्यांची नेहमीची चूक. परदेशी जहाजावरून मिळालेल्या पगारावरील कर भारतातील मुक्कामाच्या दिवसांवर ठरतो. सर्वसाधारण नियमाने तो मुक्काम आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी असावा लागतो, आणि पासपोर्ट व सीडीसीवरील शिक्के हाच त्याचा पुरावा. पगार आणि हक्कांच्या प्रश्नांसाठी अधिकाऱ्यांची संघटना म्हणजे १९३९ मध्ये स्थापन झालेली मेरिटाइम युनियन ऑफ इंडिया.

धोके सांगितल्याशिवाय आढावा पुरा होत नाही. इंजिन रूममध्ये तापमान चाळिशीपार जाते, रडारचा फिरता दांडा दुरुस्त करायला मास्टवर चढावे लागते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले. मालकाने पगार थांबवून जहाज वाऱ्यावर सोडण्याचे प्रकारही वाढले आहेत, आणि २०२४ मध्ये अशा परित्यक्त खलाशांत भारतीयांची संख्या सर्वाधिक होती, असे आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने नोंदवले. २०१३ मध्ये अमलात आलेला आणि भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेला सागरी श्रम करार विश्रांतीचे किमान तास, मायदेशी परतीचा खर्च आणि पगाराची हमी देतो. पण जहाजाच्या ध्वजाचा देश आणि मालक बेपर्वा असले की कराराची कलमे किनाऱ्यावरच राहतात.

दहा-बारा वर्षे समुद्रावर काढलेल्याला जमिनीवर काम मिळते. कंपनीचा विद्युत अधीक्षक, स्वयंचलन कंपनीचा सेवा अभियंता, प्रशिक्षण संस्थेतील शिक्षक, गोदीतील कमिशनिंग अभियंता, बंदरातील क्रेनची देखभाल. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली; असे बंदर चालते ते विजेवरच्या क्रेन आणि स्वयंचलनावर. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांवरही कन्व्हर्टर, पीएलसी आणि उंचीवर पट्टा बांधून करायचे काम हेच. एखाद्याला समुद्र मानवला नाही तरी हे कौशल्य खान्देशात वाया जात नाही.

नंदुरबारमधून या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी एवढे करावे. फी भरण्याआधी चार कागद हातात घ्यावेत : संस्थेला ईटीओ कोर्ससाठी नौवहन महासंचालनालयाची मान्यता असल्याचा दाखला, मान्यताप्राप्त डॉक्टरचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, जहाज कंपनीचे प्रायोजकत्वाचे लेखी पत्र, आणि नोकरी देणाऱ्या एजन्सीचा आरपीएसएल परवाना क्रमांक. तो क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहावा. खलाशाकडून नोकरी मिळवून देण्याचे पैसे घेणे २०१६ च्या भारतीय नियमांनुसारही बेकायदा आहे. ते मागणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवावे.